खालची टाकी

या शनिवारी कोड नाही, इतिहास. तोही पाण्याचा.

गेले दोन महिने आमच्या हॉलच्या एका भिंतीला लागून चार फुटी फिशटँक उभा राहतोय. मासे अजून आलेले नाहीत (का, ते पुढे येईलच). आत्तापर्यंत जे काही काम झालं ते सगळं टाकीच्या खाली झालं. एक लोखंडी स्टँड, आणि त्या स्टँडच्या पोटात बसणारी दुसरी, छोटी काचेची टाकी. या दुसऱ्या टाकीला मासेवाले लोक 'संप' म्हणतात. गिरणी कामगारांचा तो नव्हे. खाणीच्या तळाशी पाणी साचायचा खड्डा असतो, ज्यातून पंप लावून पाणी वर उपसतात, त्याला इंग्रजीत संप म्हणतात. गाडीच्या इंजिनाखाली ऑइल जमतं, तोही संपच. आपल्या बाबतीत वरच्या टाकीतलं पाणी पाइपनं खाली उतरतं, संपात गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर ढकलतो. दिवसरात्र. एवढंच.

आईनं हा सगळा पसारा बघून एकच प्रश्न विचारला. "अरे, मासे वर राहणार ना? मग खाली एवढी मोठी टाकी कुणासाठी?"

प्रश्न एकदम रास्त आहे. आणि त्याचं नीट उत्तर मासे पाळणाऱ्यांपर्यंत पोचायला शंभराहून जास्त वर्षं लागली. त्यातली गंमत म्हणजे उत्तराचे दोन अर्धे तुकडे एकाच घरातल्या बाप-लेकांकडे होते. तोच किस्सा आज सांगायचाय.

बापाचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. लंडनमध्ये औषधं बनवणाऱ्यांची एक जुनी संस्था होती, सोसायटी ऑफ अपोथिकरीज. तिच्या प्रयोगशाळेत हा रसायनशास्त्रज्ञ म्हणून नोकरीला. १८४९ च्या सुमारास त्यानं बारा गॅलनच्या (म्हणजे साधारण ५४ लिटरच्या) भांड्यात दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. झाड उजेडात ऑक्सिजन सोडतं हे तोवर माहीत होतं, तेव्हा माशांना श्वासाची सोय झाली. पण थोड्या दिवसांत जुनी पानं कुजायला लागली, काचेवर शेवाळ आलं, पाणी गढूळ झालं. मग त्यानं तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकं-नासकं फस्त केलं आणि पाणी निवळलं. १८५० मध्ये केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यानं हे सगळं लिहून टाकलं. मासा, झाड आणि गोगलगाय, तिघांचा समतोल. पाणी बदलायची गरजच नाही!

कल्पना इतकी सुबक आहे की कुणीही प्रेमात पडावं. तीन चौकोन, त्यांना जोडणारे बाण, मेंटेनन्स शून्य. व्हाइटबोर्डवर अशी आकृती काढली की मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात. फक्त आकृतीत एक चौथा चौकोन राहून गेलाय, हे कुणाला दिसत नाही. वॉरिंग्टनलाही दिसला नाही, आणि त्याचा त्यात काही दोष नव्हता. ते जे काही होतं ते दिसण्यासारखं नव्हतंच.

त्याच्या तीनेक वर्षं आधी, १८४६ मध्ये, ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावातून जिवंत कोरल लंडनला आणले होते. बाई बड्या घरच्या, नवरा वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये मोठ्या हुद्द्यावर. समुद्राचं पाणी लंडनमध्ये रोज मिळणार कुठून? त्यांनी उपाय काढला तो असा, की तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. रोज अर्धा-पाऊण तास. हे काम करायची त्यांची लहानगी मोलकरीण. बाईंनी पुढे लिहिलंय की काम दमवणारं खरं, पण त्या मुलीला त्यात गंमत वाटायची. (वाटत असेलही. त्या मुलीनं स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही.) मला विचाराल तर घरातल्या शोभेच्या पाण्याचा हा पहिला रिटर्न पंप. पुढच्या वर्षी बाईंनी त्यात समुद्री शेवाळ सोडलं आणि ओतण्याचं काम हलकं झालं.

मग आली लाट. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयात मासेघर उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉसचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यात ओतीव लोखंडाच्या नक्षीदार स्टँडवर काचेच्या टाक्या दिसू लागल्या. डेव्हनच्या किनाऱ्यावरची खडकांतली डबकी हौशी लोकांनी ओरबाडून नेली. आणि घरोघरी व्हायचं काय? आठ-पंधरा दिवस आनंदीआनंद, मग पाणी दुधाळ, मग वास, मग एका सकाळी सगळे मासे उताणे. सुबक आकृती दिवाणखान्यात चालेना. १८६० चं दशक संपेपर्यंत लाट ओसरली होती.

या पडझडीत एक माणूस मात्र टाकीच्या खाली बघत होता. विल्यम अल्फर्ड लॉइड. ना प्राध्यापक, ना उमराव. लंडनमध्ये ॲक्वेरियमचं सामान विकायचं दुकान काढलं, ते बुडालं. मग तो हॅम्बुर्गला गेला आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयासाठी १८६४ मध्ये मत्स्यालय उभं केलं. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं मत्स्यालयही त्याचंच. समुद्र तिथून लांब, त्यामुळे पाणी पुन्हापुन्हा बदलणं परवडण्यासारखं नव्हतं. लॉइडनं काय केलं, तर लोकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली जमिनीत एक अंधारा हौद बांधला, आणि तो हौद वरच्या सगळ्या टाक्यांच्या एकूण पाण्यापेक्षा कित्येक पट मोठा ठेवला! वाफेच्या इंजिनावर चालणारे पंप पाणी वर चढवायचे, टाक्यांमधून ते खळखळत पुन्हा हौदात पडायचं. खाऱ्या पाण्यानं धातू गंजतो आणि ते पाणी माशांना विष होतं, म्हणून पंपांच्या आत कडक रबर. आन्तोन डोर्ननं इटलीत नेपल्सला आपलं प्रसिद्ध समुद्री संशोधन केंद्र काढलं, त्याचं मत्स्यालय १८७४ मध्ये उघडलं. तिथली पाण्याची व्यवस्थाही लॉइडच्या सल्ल्यानं झाली.

कमाल बघा. अंधार, म्हणजे हौदात शेवाळ धरत नाही. पाणी जास्त, म्हणजे एखादा मासा मेला तरी घाण पातळ होऊन जाते आणि तापमानही पटकन हलत नाही. पाणी सतत फिरतं, म्हणजे हवा मिसळत राहते. लॉइडचं म्हणणं होतं की हवेतला ऑक्सिजनच पाण्यातली घाण जाळून टाकतो. निष्कर्ष बरोबर, कारण अर्धवट. पण डिझाइन मात्र असं, की दीडशे वर्षांनी पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये मी जे बांधलं ते त्याचंच पिल्लू आहे.

आता थोडं त्या पिल्लाबद्दल.

वरची टाकी ४८ बाय १८ बाय १८ इंच, म्हणजे काठोकाठ भरली तर २५५ लिटर. प्रत्यक्षात सव्वादोनशे. काच पन्नासेक किलो, दगड-वाळू चाळीस, खालच्या संपात ५५ लिटर पाणी, संपाची काच, स्टँडचं स्वतःचं वजन... बेरीज साडेचारशे किलोच्या आसपास जाते. आपल्याकडे राहत्या खोल्यांची जमीन डिझाइन करताना दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वजन धरतात. माझा स्टँड अर्ध्या चौरस मीटरहून थोडीशीच जास्त जागा घेतो, म्हणजे तेवढ्या तुकड्यावर चौपट भार. पूर्ण खोलीत तो पसरतो, पण तरीही असली वस्तू मधोमध नको. भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथे. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, सॉफ्टवेअरवाल्याला नको.

स्टँडसाठी ४० मिलिमीटरचा चौकोनी लोखंडी पाइप घेतला. वेल्डिंगवाल्यानं ड्रॉइंग बघून विचारलं, "साहेब, मासेच ठेवणार ना? का म्हैस?" वजन पेलण्याबद्दल त्याला काडीची चिंता नव्हती, आणि त्याचं बरोबर होतं. उभ्या पाइपावर सरळ आलेलं वजन लोखंडाला काहीच नाही. खरी गोची दुसरीकडे असते. स्टँड वाकडा असेल तर काचेवर ताण येतो. म्हणून चारही पायांना नटबोल्टचे पाय, वर जाड प्लाय, त्यावर थर्माकोलची शीट, आणि मग टाकी. आणि समोर मध्ये उभा पाइप द्यायचा नाही, नाहीतर संप आत जाणार कुठून! त्याऐवजी वरचा आडवा पाइप जास्त जाड घ्यायचा.

संप ३० बाय १४ इंच, उंची १५. आत उभ्या काचा लावून तीन कप्पे केले. पहिल्यात पाणी कापडी गाळणीतून पडतं. दुसऱ्यात सिरॅमिकच्या सच्छिद्र नळ्यांचे तुकडे आणि खडबडीत दगड. तिसऱ्यात पंप. वरच्या टाकीची पातळी कायम ओव्हरफ्लोच्या काठाशी राहते, बाष्पीभवनानं जे कमी होतं ते फक्त तिसऱ्या कप्प्यात दिसतं. तिथे रेघ मारून ठेवायची आणि रोज तेवढं पाणी टाकायचं.

आणि आता या सगळ्यातला एकमेव प्रश्न, ज्यावर झोप उडावी. वीज गेली तर?

पंप थांबतो. वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या काठापर्यंत खाली येतं. साधारण एक इंच, म्हणजे १४ लिटर, अधिक पाइपातलं दोन-तीन लिटर. संपात मी आठ इंच पाणी ठेवतो, वर सात इंच मोकळे, म्हणजे ४८ लिटर जागा. निश्चिंत. पण थांबा! पंपाचा वर जाणारा पाइप टाकीत सहा इंच बुडलेला असेल, तर पंप थांबताच तो उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खेचत राहतो. सहा इंच म्हणजे ८५ लिटर. संपात जागा ४८. उरलेले ३७ लिटर आपल्या लाकडी फ्लोअरिंगवर, आणि तिथून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पीओपीवर. उपाय काय, तर त्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक छोटं भोक. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. तीन मिलिमीटरचं भोक, दहा हजारांचं फ्लोअरिंग. लोडशेडिंगचे दिवस पाहिलेल्या माणसाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

असो. आपण इतिहासाकडे परत जाऊ, कारण दुसऱ्या कप्प्यातल्या त्या दगडांत नक्की काय चालतं हे अजून सांगायचंय.

१८७७. फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्स या दोघांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून हळूहळू गटाराचं पाणी सोडलं. सुरुवातीला जे पाणी वरून गेलं तेच खालून आलं, अमोनियासकट. सुमारे वीस दिवस असंच. मग अचानक खाली नायट्रेट यायला लागलं. ही साधी रासायनिक क्रिया असती तर पहिल्या दिवसापासून झाली असती. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, क्रिया बंद पडली. मग थोड्या मातीचं धुवण घातलं, पुन्हा सुरू. म्हणजे वाळूत काहीतरी जिवंत होतं आणि ते वाढायला वीस दिवस लागत होते.

ही बातमी वाचून इंग्लंडमधल्या रोदमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात एक जण कामाला लागला. मातीतला अमोनिया पिकाच्या उपयोगाचा नायट्रेट कसा होतो, हा त्याचा विषय. त्यानं आधी फ्रेंच प्रयोगाची खात्री केली आणि मग पुढची दहा-बारा वर्षं चिकाटीनं दाखवून दिलं की हे काम दोन टप्प्यांत होतं. एक प्रकारचे जीव अमोनियाचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट. ते जीव वेगळे काढणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. ते १८९० मध्ये झुरिकला विनोग्राडस्कीनं केलं, कारण त्यानं ओळखलं की या जिवांना सेंद्रिय अन्न चालत नाही आणि जिलेटिनवर ते वाढणारच नाहीत.

तर रोदमस्टेडचा तो माणूस. त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. जन्म १८३८. बापानं भांड्यात गोल्डफिश सोडले तेव्हा हा अकरा-बारा वर्षांचा. रसायनशास्त्र शिकला तेही बापाच्याच प्रयोगशाळेत!

म्हणजे बघा, त्या भांड्यात पाणी शुद्ध राहत होतं ते काही एकट्या व्हॅलिस्नेरिया आणि गोगलगायींमुळे नाही. वाळूच्या कणाकणावर, काचेवर, पानांवर बसलेले जिवाणू माशांच्या कल्ल्यांतून निघणारा अमोनिया पचवत होते. चौथा चौकोन. बापाच्या आकृतीतला राहिलेला चौकोन मुलानं शोधला, पण शेतातल्या मातीत. बाप १८६७ मध्येच गेला होता. मुलाचे निबंध शेती आणि रसायनाच्या लोकांनी वाचले. मासे पाळणारे मात्र पुढची कित्येक दशकं 'समतोल ॲक्वेरियम'चं बापाचं पुस्तकी गणित गिरवत राहिले. वेगवेगळ्या टीम एकमेकांचं डॉक्युमेंटेशन वाचत नाहीत, हा काही आपल्या क्षेत्राचा शोध नाही.

ज्यांनी वाचलं ते होते सांडपाणीवाले. १८९० नंतर इंग्लंड-अमेरिकेत दगडांच्या थरावर सांडपाणी शिंपडून शुद्ध करायचे फिल्टर उभे राहिले. दगडांवर जिवाणूंचा थर, वरून पाणी, मध्ये हवा. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेटनी त्याच्या पुढची पद्धत काढली. त्यांचा मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे दोनच वर्षांत बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आला, हे मला अलीकडेच कळलं. थोडक्यात, तुमच्या हॉलमधला संप म्हणजे महापालिकेच्या मैलाशुद्धीकरण केंद्राची छोटी आवृत्ती आहे. पाहुण्यांना हे सांगायची गरज नाही.

घरातल्या टाकीपर्यंत हे ज्ञान तुकड्या-तुकड्यांनी आलं. १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंगनं एका अमेरिकन मासिकात लिहिलं, की समुद्रातले जिवंत जीव चिकटलेले दगडच टाकीत ठेवा, फिल्टर लागत नाही. (का लागत नाही, ते आता तुम्हाला माहीत आहे.) साठच्या दशकात सिलिकॉन आलं, लोखंडी चौकट आणि लांबी जाऊन नुसत्या काचेच्या टाक्या जोडता येऊ लागल्या. कप्प्याकप्प्यांचा संप घरी बनवणं त्यामुळेच शक्य झालं. १९७० मध्ये स्टीफन स्पॉट यांच्या पुस्तकानं बंद पाण्यातला अमोनिया ते नायट्रेट हा प्रवास मत्स्यालयं चालवणाऱ्यांपुढे नीट मांडला. आणि १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेनं अमेरिकेतल्या हौशी लोकांना टाकीखालचा ठिबकता फिल्टर दाखवला. सांडपाण्याचा दगडी थर आणि लॉइडचा अंधारा हौद दिवाणखान्यातल्या कपाटात शिरला तो असा.

आता मासे का आले नाहीत ते. श्लोझिंगची नळी आठवा, वीस दिवस. नव्या टाकीत ते जिवाणू नसतातच म्हटलं तरी चालेल, आणि ते सावकाश वाढतात. तीन ते सहा आठवडे लागतात. दुकानदार शनिवारी टाकी आणि मासे एकदमच देतो, रविवारी घर खूश, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे मरायला लागतात. लोक म्हणतात, पाणी मानवलं नाही, जागा मानवली नाही. मानवण्याचा काही संबंध नाही. मासे स्वतःच्याच अमोनियात गुदमरलेले असतात, कारण खाली तो खाणारं कुणी नसतं. म्हणून मी रोज मासे नसलेल्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकतो. ते कुजतं, अमोनिया होतो, जिवाणूंना जेवण मिळतं. चाचणीच्या बाटलीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की पाच-सहा मासे, मग पुढचे. (नायट्रेट तरीही साचतोच. त्याला दर आठवड्याला थोडं पाणी बदलणं हाच साधा इलाज.) आईला आता पटलंय की खाली कुणीतरी राहतं. फक्त "दिसत नाहीत त्यांना जेवायला घालतोस" यावर तिचं हसणं थांबलेलं नाही.

त्या दिसत नसलेल्यांची कथा अजून संपलेली नाही. अमोनिया खाणारे सगळे जिवाणूच असतात असं मानलं जायचं. २००५ मध्ये सिॲटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीतून असा जीव वेगळा काढला गेला जो जिवाणूच नाही, आर्किया या निराळ्या कुळातला आहे. आणि धाकट्या वॉरिंग्टनचे ते दोन टप्पे, दोन जीव? सव्वाशे वर्षं ते पाठ्यपुस्तकांत होते. २०१५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी दाखवलं की अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटा करणाराही जीव असतो. त्यातल्या एका गटाला, नेदरलँड्सच्या नायमेखनमधल्या, तो सापडला मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या ठिबकत्या फिल्टरमध्ये.

ता. क. सायफन तोडणाऱ्या त्या तीन मिलिमीटरच्या भोकात शेवाळ बसतं. महिन्यातून एकदा टूथपिक घालून साफ करायचं, आणि मग पंप मुद्दाम बंद करून पाणी खाली किती उतरतं ते उभं राहून बघायचं.